न बसणारा पुर्जा

गेल्या दिवाळीत ओहायोहून भाच्याचा फोन आला. शुभेच्छा झाल्या, फराळाची चौकशी झाली, माझ्या गुडघ्यांची झाली. मग स्वारी हळूच मुद्द्यावर आली.

"मामा, तुमच्या भिवंडीत मागाचे पार्ट घासून देणारे मिस्त्री अजून आहेत का हो?"

"अरे, तिकडे माग घेतलास की काय?"

"माग नाही हो. रिव्हॉल्वर."

हातातला चहा सांडता सांडता राहिला! आमच्या घरात मुंगी मारायची तरी बहीण दोनदा विचार करायची, आणि तिचाच हा चिरंजीव.

मग त्याने सगळा उलगडा केला. तिथल्या मित्रांच्या नादाने त्याला अमेरिकन यादवी युद्धाच्या इतिहासाचं वेड लागलं आहे. त्यातून एका क्लबात तो जुन्या पद्धतीच्या पिस्तुलांनी नेमबाजी करतो. त्याच्याकडचं रिव्हॉल्वर म्हणजे 1851 च्या 'कोल्ट नेव्ही'ची नक्कल. काडतूस नाही. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात पुढच्या बाजूने काळी दारू घालायची, त्यावर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीने ती आत ठासायची आणि मागच्या बारीक नळीवर तांब्याची केप बसवायची. असं सहा वेळा केलं की सहा बार.

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या आजोळच्या ठासणीच्या बंदुकीची ही धाकटी बहीणच की." वाड्याकडच्या आमच्या आजोळी भातशेतीत रानडुकरं येत, त्यासाठी परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. भाच्याने ती पाहिलेली नाही, पण आईकडून ऐकलेली आहे. शेताच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्यात आजही आहे.

त्याची अडचण अशी होती. सिलिंडर फिरून नेमक्या जागी थांबला की त्याच्या खाचेत खालून एक छोटासा तुकडा येऊन बसतो आणि त्याला जागच्या जागी जखडतो. त्याला बोल्ट म्हणतात. त्या बोल्टची एक टांग मोडली. एवढासा पुर्जा, नखाएवढा. त्याने नवा मागवला, तो खाचेत जाईना. दुसऱ्या दुकानातून मागवला, तो गेला पण डुगडुगायला लागला. तिसऱ्याचं भोकच जुळेना. "मामा, तिन्हींच्या पाकिटावर 'कोल्ट नेव्ही 1851 साठी' असंच लिहिलंय हो!" म्हणून साहेबांची योजना अशी की मोडलेला तुकडा मला कुरिअरने पाठवायचा, मी तो भिवंडीत एखाद्या मिस्त्रीकडून घडवून घ्यायचा आणि परत पाठवायचा.

मी साफ नाही म्हटलं. काळ्या दारूची ही जुन्या धाटणीची हत्यारं त्याच्याकडच्या 1968 च्या कायद्यात पुराणवस्तूंच्या सवलतीत बसतात. आपल्याकडे तसं नाही. 1959 च्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भागही धरलेले आहेत. म्हणजे नखाएवढा बोल्टसुद्धा कायद्याच्या नजरेत शस्त्रच. पंचाहत्तरी गाठत आलेल्या निवृत्त मास्तराने पोलीस ठाण्यात जाऊन "साहेब, भाच्याचा होता" असं सांगायचं, हे काही मला झेपणारं नाही.

फोन ठेवला. पण झोप येईना. कारण हा प्रश्न नुसता भाच्याचा राहिला नव्हता.

मंडळी, मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. औद्योगिक क्रांतीच्या धड्याला मी पुस्तकात नसलेली एक गोष्ट रंगवून सांगत असे. अमेरिकेतल्या एली व्हिटनीने 1801 साली वॉशिंग्टनला बड्या मंडळींसमोर बंदुकांच्या कळा सुट्या केल्या आणि कुठलाही तुकडा कुठेही बसवून दाखवला. तिथून सुट्या भागांच्या अदलाबदलीचं युग सुरू झालं, यंत्राने कारागिराची जागा घेतली वगैरे. मुलं डोळे विस्फारून ऐकायची. मी खडू टेबलावर ठेवायचो आणि तास संपायचा.

भाच्याच्या त्या तीन न बसणाऱ्या बोल्टांनी मला पुन्हा पुस्तकं उघडायला लावली. वाचत गेलो तसा एकेक बुरूज ढासळत गेला.

पहिली गोष्ट, ही कल्पना व्हिटनीची नाहीच. त्याच्या आधी फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककाराने ती अमलात आणली होती. अमेरिकेचा तेव्हाचा पॅरिसमधला वकील थॉमस जेफरसन 1785 साली त्याच्या कारखान्यात गेला. पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो हाच. तिथे सुट्या तुकड्यांचे ढीग होते. जेफरसनने त्यांतून हाताला येतील ते तुकडे उचलले, स्वतः कळा जोडल्या आणि त्या जुळल्या. ही हकिगत त्याने पत्राने मायदेशी कळवली.

दुसरी गोष्ट, व्हिटनीने 1798 मध्ये सरकारकडून दहा हजार बंदुकांचं काम घेतलं ते दोनेक वर्षांत देतो म्हणून. पुरं झालं 1809 मध्ये! आणि उरल्यासुरल्या बंदुका पुढे अभ्यासकांनी उघडून पाहिल्या, तेव्हा तुकड्यांवर वेगवेगळ्या खुणा सापडल्या. ज्या बंदुकीचा तुकडा तिलाच बसावा म्हणून केलेल्या खुणा. म्हणजे 1801 चं ते प्रदर्शन आधीच घासूनपुसून तयार ठेवलेल्या तुकड्यांचं असावं, असंच आता अभ्यासक मानतात. मी मात्र ते पस्तीस वर्षं खरं म्हणून सांगत होतो.

खरं काम झालं ते कमी गाजावाजात. हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल नावाच्या माणसाने 1820 च्या दशकात ते करून दाखवलं. त्याची युक्ती यंत्रात जेवढी होती तेवढीच मापात होती. प्रत्येक तुकड्यासाठी पोलादी नमुने म्हणजे गेज बनवायचे, आणि तुकडा त्या गेजात बसला तरच पास करायचा. डोळ्याला बरोबर दिसतो म्हणून नाही. 1854 मध्ये इंग्रजांची एक समिती हे पाहायला अमेरिकेत गेली. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात त्यांनी 1844 ते 1853 या दहा वर्षांतली दर वर्षाची एक अशा दहा बंदुका काढायला लावल्या. सगळ्या खोलल्या, तुकडे एकत्र मिसळले आणि कामगाराला म्हटलं, जोड आता. त्याने फक्त स्क्रू पिळायच्या हत्याराने दहाच्या दहा जोडल्या. साहेब थक्क झाले आणि एन्फिल्डच्या कारखान्यासाठी अमेरिकेतून यंत्रं मागवली.

एन्फिल्ड! हे नाव वाचून आपल्या माणसाचे कान टवकारणारच. 1857 च्या सुरुवातीला चरबीच्या काडतुसांची कुजबूज जिच्यामुळे सुरू झाली ती हीच 1853 च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल. गंमत अशी की तेव्हा हिंदुस्थानात पोहोचलेल्या रायफली अजून हातकामाच्या पिढीतल्या होत्या. इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कारागिरांनी घासून जुळवलेल्या. एकीची कळ दुसरीला बसेलच याची खात्री नाही. यंत्रावरची, खऱ्या अर्थाने जुळणारी एन्फिल्ड त्यानंतर आली. आणि ती आली तेव्हा हिंदी शिपायाच्या हाती मुद्दाम नळीतले आटे काढून टाकलेल्या, जवळच्याच पल्ल्याला कामाच्या बंदुका दिल्या गेल्या. उठावाची धास्ती. 1878 चा शस्त्र कायदा तर पुढची पायरी.

आता कोल्टकडे येतो, कारण भाच्याचं दुखणं तिथलं. सॅम्युएल कोल्टने 1853 मध्ये लंडनला कारखाना काढला, 1856 अखेर तो बंदही झाला. पण तेवढ्यात तिथे नेव्ही रिव्हॉल्वरं हजारोंनी बनली, आणि 1857 मध्ये कंपनी सरकारच्या कितीतरी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट नाहीतर अ‍ॅडम्सचं रिव्हॉल्वर होतं. कोल्टची जाहिरात हीच की माझे भाग यंत्रावर बनतात, एकसारखे असतात. पण जुनं कोल्ट हातात घेऊन पाहिलं तर सांगाड्यावर, नळीवर, सिलिंडरवर, अगदी नळी धरून ठेवणाऱ्या पाचरीवरसुद्धा एकच नंबर ठोकलेला दिसतो. भाग जर खरोखर एकसारखे, तर नंबर कशाला?

कारण असं. यंत्रातून तुकडे बाहेर यायचे ते 'जवळजवळ' मापाचे. मग फिटर बसायचा. पोलाद अजून मऊ असतानाच कानशीने घासून तो एकेक तुकडा शेजारच्या तुकड्याशी जुळवायचा, आणि जुळला की त्यावर नंबर ठोकायचा. मग सगळं पुन्हा खोलून तुकडे भट्टीत पाणी द्यायला जायचे, आणि तिथून आले की नंबर बघून आपापल्या भावंडांत परत. एकाचा तुकडा दुसऱ्यात गेला तर बसेलच असं नाही. जगभर 'यंत्राचा चमत्कार' म्हणून गाजलेल्या वस्तूच्या पोटात असे शेकडो हात होते. त्यांची नावं कुठे नाहीत.

आणि नकला? त्या आल्या शंभर वर्षांनी. 1961 मध्ये यादवी युद्धाची शताब्दी होती, हौशी लोकांना जुनी हत्यारं हवी होती आणि अस्सल माल महागला होता. तेव्हा उत्तर इटलीतल्या ब्रेशा भागातल्या कारागिरांनी हे काम उचललं. त्या खोऱ्यात बंदुका बनवायची परंपरा काही शतकांची. उबेर्ती हा कारखाना तिथे 1959 मध्ये निघाला, पिएत्ता हे दुसरं मोठं नाव. दोघांनीही जुनी कोल्ट समोर ठेवून आपापली मापं घेतली. इंचाचे मिलिमीटर झाले. केप ज्यावर बसते त्या बारीक नळीचे आटेसुद्धा इटालियन मालात मेट्रिक, 6 मिलिमीटर जाडीला पाऊण मिलिमीटरचे. म्हणून बाहेरून जुळी भावंडं दिसली तरी एकाचा बोल्ट दुसऱ्याला सरळ बसत नाही. त्याच कारखान्याच्या जुन्या आणि नव्या मालातही फरक पडतो. 'कोल्ट नेव्ही 1851' हे दिसण्याचं नाव आहे, मापाचं नव्हे.

हे सगळं वाचताना मला एकसारखा एक माणूस आठवत होता. आमचा मिस्त्री.

भिवंडीच्या मागांची कथासुद्धा 1857 शी बांधलेली आहे. उठावानंतरच्या धरपकडीत आणि उपासमारीत उत्तरेतले मोमीन, अन्सारी विणकर दक्षिणेकडे निघाले, त्यांतले काही मालेगावला आणि काही भिवंडीला स्थिरावले, असं त्यांच्या घराघरांत सांगितलं जातं. हातमाग गेले, यंत्रमाग आले. आमच्या वडिलांनीही पूर्ण्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार माग टाकले होते. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले. एकाच्या बिडाच्या चौकटीवर ब्लॅकबर्नचं नाव ओतलेलं, दुसऱ्यावर बर्नलीचं, उरलेले दोन कुठल्या ओतशाळेचे ते देव जाणे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे भिवंडीचं काम वाढलं, तेव्हा तर अशा मिश्र खानदानाच्या मागांचा पूरच आला. पिकर मोडला, दातेरी चक्राचा दात गेला, की बाजारात पार्ट मिळायचा. पण बसायचा नाही.

मग मिस्त्री यायचा. त्याचे आजोबा की पणजोबा त्या उत्तरेकडच्या वाटेनेच आलेले. खिशात विडी, पिशवीत तीन कानशी. नवा पुर्जा घ्यायचा, त्यावर कंदिलाच्या काचेची काजळी बोटाने फासायचा आणि जागेवर दाबायचा. जिथे काजळी पुसली जाई तिथे पुर्जा जास्त. तेवढंच घासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. दहा वेळा, वीस वेळा. मी कॉलेजातून आलेला बी.ए.चा विद्यार्थी, अधीर होऊन विचारायचो की एकदाच माप घेऊन का घासत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असे : "मास्टर, पुर्जा बाजार में मिलता है, बैठता हाथ से है." मी मास्तर व्हायच्या आधीपासून तो मला मास्टरच म्हणायचा, आणि त्यात थोडी थट्टा असायची हे मला कळायचं.

वडिलांची इच्छा होती की निदान सुट्टीत मी त्याच्या हाताखाली शिकावं. मला लाज वाटायची. नखांत काळं तेल घेऊन कॉलेजात कसं जायचं? "हे अडाणी काम आहे, उद्या सगळं यंत्रावर होईल," असं मी वडिलांना ऐकवलं होतं. मिस्त्री तिथेच बसलेला होता. तो काही बोलला नाही. काजळी फासत राहिला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. आमच्या शेडच्या भिंतीवर एका खिळ्याला मिस्त्रीने तारेत ओवलेले लोखंडाचे आणि पितळेचे तुकडे टांगलेले असत. प्रत्येक मागाचा एक जुडगा, वर भिंतीवर खडूने मागाचा नंबर. एखादा पुर्जा एकदा नीट बसला की त्याच्या मापाचा तो पातळ पत्र्याचा नमुना कापून ठेवायचा. पुढच्या वेळी नवा पुर्जा आधी त्या नमुन्यावर धरायचा आणि मग मागावर. आम्ही त्याला 'मिस्त्रीचा कचरा' म्हणायचो.

जॉन हॉलच्या गेजांबद्दल वाचत होतो त्या रात्री हा कचरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी पुस्तक मिटलं. हॉलने कारखान्यात केलं तेच हा माणूस एका खिळ्यावर करत होता. मी ज्या विषयावर वर्गात टाळ्या घेत होतो, तो विषय माझ्या घरी भिंतीला टांगलेला होता, आणि मी तो ओळखला नाही.

वडील गेल्यावर माग बंद पडले. 2003 साली मी ते भंगारात काढले. भंगारवाला भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, हेही घेऊ का? मी म्हटलं, घे. चार मागांचे सगळे नमुने, वीस-पंचवीस वर्षांची मापं, त्याने तराजूत टाकली. त्या वेळी मिस्त्री हयात होता. त्याला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. आज आमच्या शेडच्या जागी गोदाम आहे. पूर्णा, काल्हेर, कशेळी, सगळीकडे तेच. रात्रभर कंटेनर येतात. जगभरचे सुटे भाग बारकोड लावलेल्या खोक्यांत आत जातात आणि बाहेर पडतात. त्यातला कुठला कुठे बसतो हे तिथल्या कोणाला माहीत असायचं कारण नाही.

असो. पुढच्या रविवारी मी भाच्याला फोन केला. पुर्जा पाठवू शकत नाही, पण रीत सांगू शकतो. पहिलं म्हणजे आधी कुळी शोध. त्याने सांगाड्यावरचे बारीक शिक्के भिंगाने पाहिले. इटालियन तपासणी खात्याचा शिक्का आणि सालाची अक्षरं सापडली (1975 पासून तिथे साल दोन अक्षरांत ठोकतात) आणि बनवणाऱ्याची खूणही. विकणाऱ्याने सांगितलं होतं त्याहून कारखाना वेगळाच निघाला! त्या कारखान्याचा बोल्ट मागवला. तो खाचेपेक्षा केसभर रुंद होता, पण भोक आणि टांगा जुळल्या. दुसरं, खाच घासायची नाही, बोल्टच घासायचा. तो चुकला तर दुसरा आणता येईल, सिलिंडर बिघडला तर गेलाच. तिसरं, काजळी. त्याच्याकडे कंदील कुठला? त्याने मार्कर पेनची शाई फासली. चौथं, घाई नाही.

त्याला तीन रविवार लागले. शेवटी क्लबातल्या एका म्हाताऱ्या बंदूक-दुरुस्तीवाल्याने सगळं तपासून होकार दिला, कारण सिलिंडर नळीच्या रेषेत तंतोतंत थांबला नाही तर गोळी नळीच्या काठावर आपटते आणि शिशाच्या चिरफळ्या उडतात. मग भाच्याने रिकामं रिव्हॉल्वर फोनजवळ धरून घोडा मागे ओढला. टक् असा स्वच्छ आवाज आला. "बसला, मामा!" पन्नाशीचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा ओरडला.

मिस्त्रीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी होता, व्हिटनीची गोष्ट त्यानेही माझ्याच वर्गात ऐकली. तो हल्ली कल्याणला असतो. त्याला एकदा भेटून हे सगळं सांगायचं आहे. काय आणि कसं सांगायचं, ते अजून जुळत नाही.

भाच्याला मात्र मी एक काम सांगितलं आहे. तो मोडलेला जुना बोल्ट टाकायचा नाही. नव्याच्या मापाचा एक पत्रा कापायचा, दोन्ही तारेत ओवायचे आणि भिंतीला टांगायचे. वर खडूने नंबर घालायचा.